‘अन्सारी’ या आडनांवाची कुळकथा

आडनांव हें बापाकडून मुलाकडे आपोआप चालत येतें, तें कोणी निवडीत नाहीं, असा सर्वसाधारण समज असतो. आणि देशपांडे, कुलकर्णी किंवा चिपळूणकर यांच्यापुरता तो खराहि आहे. परंतु ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी शहरीं हजारों घरांच्या दारांवर जें आडनांव आज दिसतें, तें त्या घराण्यांनीं समजून उमजून, आणि बऱ्याच झगड्यानंतर, स्वतःस लावून घेतलेलें आहे. तें आडनांव म्हणजे अन्सारी.

भिवंडी हें कामवारी नदीच्या कांठचें जुनें ठिकाण. येथील जुने मुसलमान रहिवासी कोंकणी. त्यांच्यांत फकीह, खतीब, काझी, मुकरी अशीं आडनांवें आढळतात. फकीह म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, खतीब म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळीं खुतबा वाचणारा, काझी म्हणजे न्यायनिवाडा करणारा. चौदाव्या-पंधराव्या शतकांत होऊन गेलेले माहीमचे प्रसिद्ध संत मखदूम अली यांच्या नांवाशींहि फकीह ही पदवी जोडलेली आहे. हीं आडनांवें जोशी-कुलकर्ण्यांच्याच जातीचीं. पूर्वजांचें वतन किंवा हुद्दा तीं मिरवितात. इतर कित्येक कोंकणी मुसलमान घराणीं कोंकणांतील हिंदूंप्रमाणें गांवाच्या नांवाला ‘कर’ लावून मोकळीं होतात. अन्सारी हें आडनांव यांपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं, कारण तें धारण करणारे लोक या भूमींतले नव्हत.

ते उत्तरेकडून आले. मऊ, मुबारकपूर, आझमगड, बनारस आणि अलाहाबादजवळचें मऊआइमा हीं विणकरांचीं मोठीं ठाणीं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनीं जो सूड घेतला, त्या धामधुमींत तेथील पुष्कळ कुटुंबें दक्षिणेकडे निघालीं, असें या समाजांत परंपरेनें सांगतात. ही हकीगत खोटी नव्हे, पण अपुरी आहे. बंदुकीइतकाच मँचेस्टरच्या गिरण्यांतील स्वस्त कापडाचा धाक होता, आणि त्यांत दुष्काळांची भर पडली. पोट भरेना म्हणून माग सोडून नव्हे, तर मागाची विद्या हातांत घेऊन ही माणसें चालूं लागलीं. आग्रा रस्त्यानें येतां येतां कोणी मालेगांवीं राहिले, कोणी धुळ्यास, कोणी भिवंडींत, तर कोणी थेट मुंबईस मदनपुऱ्यांत जाऊन स्थिरावले. नागपुराजवळ कामठी येथेंहि त्यांची मोठी वस्ती झाली.

या माणसांजवळ आपल्या अर्थाचें आडनांव नव्हतें. त्यांच्या मुलुखांत तशी चालच नव्हती. लोक मात्र त्यांस एक नांव देत असत, आणि तें म्हणजे जुलाहा. शब्द मूळ फारसी. अर्थ सरळ, विणणारा. त्या भाषेंत कोळ्यासहि हाच शब्द लावतात, म्हणजे एका अर्थीं तो गौरवाचाच म्हणावयाचा! परंतु उत्तर हिंदुस्थानांत या शब्दास इतकी कुचेष्टा चिकटली कीं, जुलाहा म्हणजे मूर्ख, भित्रा, हलका, असा अर्थ बोलण्यांत रूढ झाला. जुलाह्याच्या वेडगळपणाच्या म्हणींची तेथें रेलचेल होती. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्या म्हणी गोळा करून छापल्या, आणि वर ‘धर्मवेडा जुलाहा’ असा शिक्का आपल्या पदरचा मारला. कबीरासारखा पुरुष विणकराच्या घरीं वाढला व आपला धंदा त्यानें कधीं लपविला नाहीं, हें मात्र म्हणी रचणारे सोयीस्करपणें विसरले.

धंद्यावरून आडनांव पडणें यांत वास्तविक लाजेसारखें कांहीं नाहीं. जर्मनींत वेबर आणि इंग्लंडांत वेबस्टर हीं आडनांवें विणकराचींच होत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल म्हणून जो प्रांत आहे, तेथें अँगोव्ह असें आडनांव आहे. जुन्या कॉर्निश भाषेंत त्याचा अर्थ ‘लोहार’ एवढाच. १४९७ सालीं तेथील बंडाचा पुढारी एक लोहारच होता, आणि आजहि तो प्रांत त्याचें नांव अभिमानानें घेतो. तेथें लोहाराच्या मुलास वकील होण्याची मुभा मिळाली, धंदा मागें पडला, आणि नांवाचा अर्थहि विस्मृतींत गेला. आपल्याकडे धंदा जन्मास बांधलेला. म्हणून शब्दास लागलेला डाग माणसासहि लागतो, आणि माणसानें धंदा सोडला तरी तो जात नाहीं.

हा डाग पुसण्याचा पहिला उपाय म्हणजे मोमीन हा शब्द. अरबींत मोमीन म्हणजे श्रद्धावंत. दक्षिणेंत तो फार पूर्वींपासून विणकरांस लावीत आले आहेत. महाराष्ट्रांतील मोमीन हे मूळचे कोष्टी-साळी असून गुलबर्ग्याचे संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्या उपदेशानें ते मुसलमान झाले, अशी परंपरा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे. हे संत १४२२ सालीं निवर्तले. उत्तरेंत कोणी स्वतःस नूरबाफ, म्हणजे ‘प्रकाश विणणारा’, असेंहि म्हणवीत. शब्द मोठा सुंदर, पण तो आडनांव म्हणून रुजला नाहीं.

रुजला तो अन्सारी. ‘अन्सार’ म्हणजे साहाय्यकर्ते. इ. स. ६२२ मध्यें प्रेषित मुहंमद मक्का सोडून मदिनेस आले, तेव्हां ज्या मदिनावासीयांनीं त्यांस आश्रय दिला ते अन्सार. त्यांतील अबू अय्यूब अन्सारी यांच्या घरीं प्रेषित उतरले होते. त्यांची कबर इस्तंबूल शहरीं आहे. विणकरांनीं या अबू अय्यूबांशीं आपला संबंध जोडला. त्यांच्या परंपरागत पोथ्यांत विणकामाची विद्या प्रथम देवदूत जिब्रईलनें आदमास शिकविली, अशीहि कथा आहे. स्वर्गांतून बाहेर पडलेल्या पहिल्या मनुष्यास पहिली गरज वस्त्राची, हें ज्यानें सुचविलें तो खराच विणकर असला पाहिजे.

उत्तरेंतील उच्च म्हणविणाऱ्या घराण्यांस हें रुचलें नाहीं. अन्सारी हें नांव त्यांच्यांत आधींपासून होतें. लखनौचें फिरंगीमहल हें विद्वानांचें घराणें आपला वंश हेरातचे अकराव्या शतकांतील सूफी अब्दुल्ला अन्सारी यांच्याशीं जोडतें. १९२७ सालीं मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झालेले डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हेहि गाझीपूर जिल्ह्यांतील अशाच खानदानी कुटुंबांतले. विणकरानें तेंच नांव घ्यावें म्हणजे काय, असा प्रश्न करण्यांत आला; वंशावळीचा पुरावा मागण्यांत आला. पुरावा नव्हता. पण ज्यांनीं पुरावा मागितला, त्यांच्यापैकीं कितीजणांच्या वंशावळी तेराशें वर्षें अखंड टिकल्या असत्या, हेंहि एकदां पाहावयास हवें होतें.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कलकत्ता व बिहार येथें या समाजाची चळवळ उभी राहिली. मौलाना अली हुसेन आसिम बिहारी हे तिचे आद्य प्रवर्तक. पुढें तिच्यांतून मोमीन कॉन्फरन्स झाली. बिहारचे अब्दुल कय्यूम अन्सारी यांनीं तिच्या व्यासपीठावरून मुस्लिम लीगच्या द्विराष्ट्रवादास विरोध केला, आणि १९४६ सालीं ते बिहारच्या मंत्रिमंडळांत गेले. जनगणनेच्या कागदांत ‘जुलाहा’ न लिहितां ‘मोमीन’ किंवा ‘अन्सारी’ लिहावें, असा या चळवळीचा आग्रह होता.

भिवंडींत या नांवास आणखी एक निमित्त मिळालें असावें. मुंबई इलाख्याच्या कचेऱ्यांत स्वतःचें नांव, बापाचें नांव आणि आडनांव अशी तीन पदें मागण्याचा शिरस्ता. उत्तरेकडून आलेल्या विणकराजवळ पहिलीं दोन होतीं. शाळेच्या दाखल्यावर आणि नगरपालिकेच्या वहींत तिसरा रकाना भरण्याची वेळ आली, तेव्हां ‘जुलाहा’ लिहावयाचें नाहीं एवढें त्याचें ठरलेलें होतें. कोणी मोमीन लिहिलें, कोणी अन्सारी.

पुढें खड्ड्यांतल्या हातमागाची जागा विजेच्या मागानें घेतली. १९८२ च्या संपानें मुंबईच्या गिरण्या मोडल्यावर भिवंडीचे माग आणखी वाढले. धोट्याचा खडखडाट रात्रंदिवस चालूं लागला. आज अन्सारी आडनांवाचा मनुष्य मागाचा मालक असेल, मागावरचा मजूर असेल, किंवा मागाकडे कधींहि न वळलेला डॉक्टर असेल. नांवावरून तें सांगतां येत नाहीं.

सरकारच्या इतर मागासवर्गांच्या याद्यांत मात्र जुलाहा व मोमीन हे शब्द पुन्हां आले आहेत. महाराष्ट्रांत तो दाखला मागणाऱ्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा दाखवावा लागतो, आणि त्यास केवळ आडनांव पुरत नाहीं, जातीची नोंद लागते. त्यामुळें आजोबांनीं जो शब्द वहींत येऊं नये म्हणून खटपट केली, तोच शब्द कोठें तरी लिहिलेला सांपडावा म्हणून नातू जुन्या शाळांच्या दप्तरांतून पानें उलटीत बसतो.