शिशाहून शतपट घन
कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, हायड्रोजनची ड्यूटेरियम व ट्रिटियम ही जड भावंडे जिच्या पोटात गोठविलेली आहेत अशी मोहरीएवढी, सुमारे 2 मिलिमीटर व्यासाची गोळी सोन्याच्या नळकांड्यात बसवून, त्याच्या आतील भिंतींवर 192 लेसरशलाका एकदम सोडल्या, म्हणजे तेथून क्ष-किरणांचा असा लोट उठतो की, गोळीचे कवच बाहेर उधळते आणि त्याच्याच प्रतिक्रियेने चेपलेल्या प्लाझ्माची घनता शिशाच्या सुमारे शंभरपट होते. मला खरा विस्मय वाटतो तो पुढील सवडीचा: केवळ जडत्वामुळे ते द्रव्य निमिषाहूनही अत्यल्प काळ एकत्र राहते, आणि तेवढ्यातच अणुगर्भांचे संमीलन उरकावे लागते. अशाच एका प्रयोगात 5 डिसेंबर 2022 रोजी 2.05 मेगाज्यूल प्रकाशऊर्जा खर्चून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा निघाली.