पत, कर्ज आणि मोटारगाडी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक, वधूवर-सूचक समितीचे कार्य आणि ज्ञातीतील थोर पुरुषांचे स्मरण हे विषय प्रतिवर्षी होतात, आणि ते व्हावयासच हवेत. चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही मात्र एक रुक्ष विषय मागून घेतला. ज्याची पत एकवार खालावली आहे अशा गृहस्थास मोटारगाडीसाठी कर्ज मिळते काय, मिळाल्यास कोणत्या भावाने मिळते, आणि त्या भावाने ते घ्यावे काय, हा तो विषय होय.

विषय निवडण्यास कारण घडले. गेल्या दोन वर्षांत आपल्याच ज्ञातीतील पाचसहा तरुण बँकेने नाकारलेला अर्ज घेऊन आमच्याकडे आले. ते आले संध्याकाळी दिवेलागणीनंतर, आणि प्रत्येकाने प्रथम हेच सांगितले की ही गोष्ट घरी ठाऊक नाही. पूर्वी क्षयाचा रोग जसा लपवीत, तशी हल्ली ही 'सिबिल खराब असण्याची' गोष्ट लपविली जाते. लपविल्यामुळे रोग्यास वैद्याऐवजी वैदू भेटतो, आणि तेच येथेही घडत आहे.

मोटार म्हणजे चैन, असे आमच्या पिढीतील काही वडीलधाऱ्यांस अजून वाटते. पण या तरुणांपैकी दोघांना पिवळ्या पाटीची गाडी घेऊन तीवर पोट भरावयाचे होते, आणि एकास आपल्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात न्यावयाचे होते. यास चैन कोण म्हणेल?

आता ही पत मोजतात कशी ते पाहू. पूर्वी माणसाची पत गावच्या सावकाराच्या चोपडीत असे. एका सावकाराशी बिनसले तर मनुष्य दुसऱ्या गावी नव्याने आरंभ करू शके. आज ती चोपडी साऱ्या देशाची एक झाली आहे. २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि आज सिबिलखेरीज इक्विफॅक्स, एक्स्पिरियन व क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हे काम करतात. बँका व फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराचा हिशेब त्यांना कळवितात. तो किमान दर पंधरवड्यास कळवावा असा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक आकडा निघतो. साडेसातशेच्या पुढे असेल त्यास बँका आनंदाने उभे करतात. साडेसहाशेच्या खाली घसरला की तोंडे फिरतात. अमुक आकड्याखाली कर्ज देऊच नये असा कायदा मात्र कोठेही नाही. तो ज्या त्या बँकेचा निर्णय असतो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा अर्ज केवळ त्या कारणाने नाकारू नये, असेही रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवले आहे.

आमच्याकडे आलेल्यांचे अहवाल आम्ही त्यांच्याबरोबर बसून वाचले. बुडव्या वृत्तीचा त्यांत एकही नव्हता. एकाने हप्त्यावर भ्रमणध्वनी घेतला होता. नोकरी बदलताना बँकेचे खाते बदलले, आणि शेवटचे दोन हप्ते तसेच राहिले. रक्कम तीन हजारांच्या आत. पण चोपडीस तीन हजार व तीन लाख यांतील भेद फारसा कळत नाही, थकले एवढेच कळते. दुसऱ्याच्या अहवालात त्याने कधीच न घेतलेले एक कर्ज होते. शोध करता ते त्याच्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या गृहस्थाचे निघाले. आपल्या ज्ञातीत आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल आहे व आडनावे मोजकी. तेव्हा एका नावाचे तीन तीन पुरुष असणे हे आपणांस नवे नाही. यास्तव आपला अहवाल वर्षातून एकदा तरी स्वतः वाचावा. चारही कंपन्यांनी प्रत्येकास वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम आहे. स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. मात्र आठ दिवसांत सहा ठिकाणी कर्जाचे अर्ज केल्याने तो जरूर कमी होतो, कारण प्रत्येक चौकशीची नोंद राहते. चूक आढळल्यास त्या कंपनीकडे तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास २०२४ सालच्या एप्रिलपासून दररोज शंभर रुपये भरपाई देण्याचे बंधन आहे. तेथेही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यास एक पैसाही पडत नाही.

तिसऱ्या गृहस्थाची गोष्ट अधिक वाईट. टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, त्यांचा धंदा बसला. कार्डाची थकबाकी सव्वा लाखावर गेली. वसुलीवाल्याने सांगितले, 'सत्तर हजार भरा, प्रकरण मिटले.' यांनी पत्नीच्या पाटल्या मोडून सत्तर हजार भरले, पेढे वाटले. अहवालात मात्र त्या खात्यापुढे 'पूर्ण फिटले' असा शब्द न येता 'सेटल्ड' असा शब्द आला. ऐकावयास हा शब्द गोड आहे, पण सावकाराच्या भाषेत त्याचा अर्थ 'याने पुरते दिले नाही' असा होतो. पाच वर्षांनी गाडीच्या कर्जास तोच शब्द आडवा आला. आम्ही त्यांस सुचविले की उरलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेस लेखी कळवा, बँक जो आकडा सांगेल तो भरा, 'काही येणे नाही' असा दाखला घ्या, आणि अहवालात खाते 'क्लोज्ड' म्हणून लिहवून घ्या. त्यांनी ते केले. आकडा लगोलग वाढला नाही. वर्षभरात पुष्कळ वाढला.

आता जामिनकीविषयी. हा भाग बोलताना काहींचा रोष होईल याची आम्हांस कल्पना आहे. पत नसलेल्या माणसास फायनान्स कंपनी म्हणते, 'चांगला जामीन आणा.' मग तो मनुष्य मामाकडे जातो, व्याह्यांकडे जातो, अगदी मंडळाच्या कार्यकर्त्यांकडेही येतो. आणि आपल्याकडे नाही म्हणणे म्हणजे नाते तोडणे असा समज आहे. जामीन म्हणजे केवळ ओळख देणारा साक्षीदार, असे पुष्कळांस वाटते. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम तसे म्हणत नाही. करारात निराळे ठरले नसेल तर जितकी जबाबदारी कर्जदाराची तितकीच जामिनाची. शिवाय ते कर्ज जामिनाच्या स्वतःच्या अहवालातही दिसते. आपल्यातील एका मुलीच्या पित्याने व्याह्यांच्या गाडीस जामीन राहावे असा आग्रह झाला, हप्ते थकले, आणि दोन वर्षांनी धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास गेले असता त्यांना नकार मिळाला. ज्या मुलीच्या सुखासाठी सही केली तिच्या भावाचे प्रवेशाचे वर्ष त्यात गेले. आमचे स्पष्ट मत असे की, जी रक्कम आपण त्या नातलगास उद्या देणगी म्हणून देऊ शकू तेवढ्याच रकमेस जामीन राहावे. आणि वराकडील मंडळींनी तर हा विषय काढूच नये.

आता थोडे अंकगणित. वर्गात ज्यांस त्याचा कंटाळा होता त्यांनी क्षमा करावी. बँकेने नाकारल्यावर आपला मनुष्य गाडीच्या दुकानी जातो. तेथे दलाल म्हणतो, 'सिबिलची चिंता नको, फक्त दहा टक्के.' विचारावे, दहा टक्के कशावर? बँक उरलेल्या मुदलावर व्याज घेते. येथे पुष्कळदा ते 'फ्लॅट', म्हणजे पाच वर्षे अखेरपर्यंत मूळ रकमेवरच असते. पाच लाखांवर दहा टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज अडीच लाख. साडेसात लाख भागिले साठ, हप्ता साडेबारा हजार. हाच हप्ता उरलेल्या मुदलाच्या रीतीने मांडला तर दर सव्वासतरा टक्क्यांवर जातो! चांगली पत असलेल्यास तेच पाच लाख नऊ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता सुमारे १०,३७९ रुपये. महिन्याचा फरक दोन हजारांहून अधिक, आणि पाच वर्षांचा सव्वा लाखाहून अधिक. यावर उपाय असा की, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने वा फायनान्स कंपनीने अशा कर्जापूर्वी सर्व खर्चांसह वार्षिक दर दाखविणारे मुख्य तपशिलाचे पत्रक, कर्जदारास समजेल अशा भाषेत, देणे आवश्यक आहे. ते हाती आल्यावाचून सही करू नये. दलालाने तोंडी सांगितलेला दर वाऱ्यावर सोडून द्यावा.

मग ज्याची पत खालावली आहे त्याने गाडी घेऊच नये काय? घ्यावी, पण आजच घ्यावी असे नाही. मोटारीचे कर्ज तारणावर असते, गाडीच सावकाराकडे गहाण राहते, म्हणून साधा आकडा असूनही काही बँका देतात. फक्त रोख भरणा अधिक मागतात. किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम हाताशी असली तर बोलण्याचा नूरच बदलतो. तोवर जुनी थकबाकी मिटवावी, आणि जवळ थोडी पुंजी असेल तर मुदतठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड घेऊन दरमहा पूर्ण बिल वेळेवर भरावे. अहवालात मागील छत्तीस महिन्यांचे भरणे महिनावार दिसतात. पुढचे महिने चांगले गेले की मागचे वाईट महिने हळूहळू पडद्याआड जातात. जुनी गाडी स्वस्त पडेल म्हणून तिकडे वळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की जुन्या गाडीच्या कर्जाचा दर सामान्यतः नव्याहून अधिक असतो. आणि 'पाच हजारांत सिबिल साफ करून देतो' म्हणणारे जे निघाले आहेत, त्यांना खरी नोंद पुसता येत नाही, आणि खोटी नोंद तर आपणच फुकट पुसून घेऊ शकतो.

पिवळ्या पाटीच्या गाडीविषयी एक निराळा हिशेब मांडावा. पावसाळ्याचे दोन महिने भाडे मंदावते, हप्ता मंदावत नाही. म्हणून निदान तीन हप्त्यांची रक्कम बाजूस ठेवल्यावाचून गाडी दारात आणू नये. हप्ते थकून गाडी उचलून नेली, तर ती लिलावात मिळेल त्या भावाने जाते आणि उरलेले देणे पुन्हा आपल्याच डोक्यावर राहते. मात्र गुंड पाठवून, रस्त्यात अडवून, मारहाण करून गाडी नेण्याचा अधिकार कोणासही नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बजावून सांगितले आहे. तसा प्रसंग आल्यास घरात दडून न बसता पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, आणि मंडळातील वकीलबंधूंना कळवावे.

शेवटचा हप्ता फिटल्यावर बहुतेक जण सुटकेचा नि:श्वास टाकून कागद विसरतात. बँकेचा ना-हरकत दाखला व सही केलेला पस्तीस नंबरचा फॉर्म घेऊन आर.टी.ओ.च्या दप्तरातील गहाणाची नोंद उतरवून घ्यावी, विम्याच्या कागदावरूनही बँकेचे नाव काढवावे, आणि महिना-दीड महिन्याने अहवाल पुन्हा उघडून खाते बंद दिसते की नाही ते पाहावे. ज्यांना अहवाल वाचण्यास अडचण वाटत असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मंडळाच्या कचेरीत यावे. आम्ही तेथे असतो, आणि आतील खोलीचे दार लावून घेता येते.