घराच्या छायाचित्रांतील बिनतारी प्रकाश



भर दुपारीं मुंबईच्या एखाद्या सदनिकेंत उभें राहिलें कीं, खिडकीबाहेरचें झाड आणि आंतील कोपऱ्यांतलें कपाट, दोन्ही डोळ्यांना एकदम दिसतात. कॅमेऱ्याला हें साधत नाहीं. झाड नीट उमटावें तर खोली काळवंडते; खोली उजळावी तर खिडकीच्या जागीं नुसती पांढरी चौकट उरते. परगांवीं राहणारा मुलगा आईबापांसाठीं घर निवडतो तें प्रथम छायाचित्रावरूनच. तेव्हां ही अडचण केवळ हौशी मंडळींची नव्हे.

अंधारें घर लख्ख उजेडांत टिपण्याची युक्ति जुनी आहे. जेकब रीस या वार्ताहरानें १८८७-८८ च्या सुमारास मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींतील खोल्या जगापुढें आणल्या. आजच्या विजेच्या फ्लॅशला धूरहि नाहीं आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसण्याची सक्तीहि नाहीं. किंबहुना त्यानें तेथें बसूंच नये. अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौथाईवर येतो. त्यामुळें समोरची खुर्ची पांढरीफटक होते आणि मागची भिंत अंधारांतच राहते.

एका फ्लॅशचा उजेड पाहून दुसरा पेटण्याची सोय पूर्वींपासून आहे. परंतु भिंतीआड किंवा कडक उन्हांत ती फसते. रेडिओ-लहरींना घरांतील भिंतीचा सहसा अडथळा होत नाहीं. कॅमेऱ्यावरील लहानशा प्रेषकानें इशारा देतांच दिवाणखान्यांतील आणि पलीकडे स्वयंपाकघराच्या दाराआड लपविलेला, असे दोन्ही फ्लॅश एकाच क्षणीं पेटतात. त्यांचीं तोंडें पांढऱ्या छताकडे ठेवावीं, म्हणजे उजेड मऊ होऊन पसरतो. हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेड मात्र साऱ्या खोलीला हिरवट करतो.

खरी मेख शटरमध्यें आहे. फ्लॅशचा चमकारा क्षणार्धांत संपतो. खिडकीचा उजेड शटर मिटेपर्यंत सांचत राहतो. शटर १/६० वरून १/१२५ सेकंदावर आणलें तर बाहेरचा उजेड निम्मा होतो, फ्लॅशचा होता तेवढाच राहतो. म्हणून आधीं खिडकी साधावी, मग फ्लॅशचा जोर ठरवावा. अनेक कॅमेऱ्यांत १/२०० च्या फार पुढें गेल्यास शटरचा पडदा आडवा येऊन चित्राची एक कड काळी पडते.

परंतु ज्या खोलींत दिवसाहि दिवा लावावा लागतो, ती अशी उजळून विकावी काय? घेणारा आयुष्याची पुंजी ओतीत असतो. जाहिरातींतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचें नुकसान झाल्यास प्रवर्तकानें भरपाई द्यावी, असें २०१६ चा स्थावर संपदा कायदा सांगतो. जुन्या घरांचा व्यवहार मात्र पुष्कळदां दलालाच्या शब्दावर होतो. डोळ्याला दिसतें तें कॅमेऱ्याला दाखविणें हें फ्लॅशचें काम; नसलेलें ऊन घरांत आणणें ही लबाडी. रुंद भिंगानें दहा फुटांची खोली सोळा फुटांची भासविणें हा तर त्याहून मोठा अपराध! निदान प्रत्येक खोलीचें एक चित्र फ्लॅशवांचून, खिडक्या उघड्या ठेवून घ्यावें, आणि त्याखालीं वेळ लिहावी.