एमसीएचे पहिले वर्ष

एमसीए हा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता. बीसीए किंवा संगणकशास्त्रात बीएस्सी झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळे. पहिले वर्ष उपयोगी पडे ते गणित, भौतिकशास्त्र, वाणिज्य अशा शाखांतून आलेल्यांना. तयारीचे वर्ष असे त्याला कोणी म्हणत नसे, पण काम तेच होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. बारावीला किंवा पदवीला गणित असलेल्या इतर पदवीधरांना प्रवेश मिळत राहिला, मात्र विद्यापीठाचा ब्रिज कोर्स पूर्ण करण्याच्या अटीवर. वर्षभराचा पाया आता त्या छोट्या कोर्सात घालायचा असतो.

त्यामुळे कोराडी-महादुल्याहून जवळच्या नागपुरात एमसीएला जाणाऱ्या बीकॉम किंवा बीएस्सीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सीईटी ही प्रवेशपरीक्षा आणि प्रत्यक्ष प्रवेश यांमधले दिवस मोलाचे ठरतात. ते बहुधा जावा किंवा पायथनच्या क्लासात जातात. प्रोग्रामिंग यायलाच हवे. पण अडते ते डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सपाशी, आणि नेमका तोच विषय क्लासवाले वगळतात.

समजा, दहा लाख वीजग्राहकांचे क्रमांक चढत्या क्रमाने लावलेले आहेत. एक क्रमांक शोधताना दर वेळी मधला पाहून निम्मी यादी सोडून दिली, तर जास्तीत जास्त वीस वेळा पाहावे लागते. हा प्रोग्राम दहाबारा ओळींत मावतो. वीसच का, आणि तो कधीच चुकणार नाही कशावरून, हे सांगायला लॉगॅरिदम आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समधले गणिती विगमन (इंडक्शन) लागते. प्रोग्राम स्वतःलाच पुन्हा बोलावतो, त्या रिकर्शनमागेही विगमनाचाच विचार असतो. गणिताच्या पदवीधराने विगमन केलेले असते, रिकर्शन पाहिलेले नसते. क्लास केलेल्याचे बरेचदा उलटे होते. दोन्ही एकत्र शिकवली, तर दोघांचाही वेळ वाचतो.

बाकीची उणीव शाखेप्रमाणे बदलते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला लॉजिक गेट नवे नसतात, त्यामुळे संगणकाची अंतर्गत रचना त्याला लवकर उमगते. वाणिज्यवाल्याला खतावण्यांची सवय असते. डेटाबेसमधले तक्ते त्याला परके वाटत नाहीत, पण मेमरी आणि पॉइंटरपाशी तो थबकतो.

संगणकशास्त्रातल्या एमटेककडे वळणाऱ्या विद्युत अभियंत्याची वाट वेगळी. त्यासाठीच्या गेट (GATE) या परीक्षेच्या संगणकशास्त्राच्या पेपरात शंभरपैकी पंधरा गुण सामान्य क्षमतेला आणि साधारण तेरा गणिताला असतात. उरलेल्या बहात्तर गुणांत अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, नेटवर्क, ऑटोमाटा असे सगळे येते. एनपीटीईएल या संकेतस्थळावर या विषयांची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट मिळतात. ती नुसती ऐकून भागत नाही. सोबतचे स्वाध्याय कागदावर सोडवावे लागतात. सुरुवात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि सी भाषा यांनी जोडीने करावी, मग डेटा स्ट्रक्चर, त्यानंतर अल्गोरिदम. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क त्यामागून आले तरी चालते.