तेरा वर्षांची मोहिनी



माझ्याआधी बोललेल्या प्रत्येक वक्त्याने दादासाहेब फाळक्यांना वंदन केलं. ते योग्यच झालं. ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला याच शहरात देह ठेवलेल्या माणसाला नाशिकने वंदन करायचं नाही, तर कुणी करायचं? पण एवढ्या गौरवात कमलाबाई गोखले हे नाव एकदाही आलं नाही. दुर्गाबाई कामत हेही नाही. माझी तक्रार आहे ती याबद्दल, आणि ती मी तुमच्यासमोर, तुमच्याविरुद्ध करणार आहे.

१९१३ साल. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, चालला, आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. इथे त्यांनी हाती घेतला 'मोहिनी भस्मासुर'. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. वय वर्षं तेरा. भारतीय कथाचित्रपटात बाईची भूमिका बाईने करण्याची सुरुवात या मायलेकींनी केली, आणि ती आपल्या या नाशिकमध्ये झाली. सिनेमाच्या इतिहासातला हा मान मुंबईचा नाही, कोलकात्याचा नाही, मद्रासचा नाही. आपला आहे. आणि आपण तो मागायलाही जात नाही!

आपण गोष्ट सांगतो ती दुसरीच. फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरच्या हॉटेलातला आचारी अण्णा साळुंके साडी नेसून उभा राहिला. ही गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनापासून साहित्यसभेपर्यंत सगळीकडे रंगवून सांगितली जाते आणि सभा हसते. अण्णा साळुंके थोर नट होते. 'लंकादहन'मध्ये राम त्यांनी केला आणि सीताही त्यांनीच केली. त्यांच्या श्रेयातला कणही मला कमी करायचा नाही. पण ही गोष्ट आपण इथेच का थांबवतो? बाई मिळत नव्हती हे सांगायला आपल्याला आवडतं. काही महिन्यांत बाई मिळाली, एक नाही, दोन मिळाल्या, आणि त्या का मिळाल्या, हे सांगायला आवडत नाही. कारण ते सांगायचं तर आपल्या समाजाबद्दल बोलावं लागतं.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. पदरात लहान मुलगी. त्या काळात अशा बाईपुढे कुठले रस्ते होते? परक्याच्या घरची धुणीभांडी, नाहीतर शरीराचा बाजार, नाहीतर फिरती नाटक कंपनी. त्यांनी नाटक कंपनी पत्करली. समाजाने त्यांना दूर लोटलं. कंपनीबरोबर गावोगाव हिंडताना मुलगी चौथ्या वर्षीच रंगभूमीवर उभी राहिली. रंगपटात वाढलेल्या या मुलीला फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर नाचायला भीती वाटण्याचं कारण नव्हतं. भीती वाटायची ती घरात सुरक्षित बसलेल्यांना.

आता पुढचं ऐका, कारण पुढचं तर कुणीच सांगत नाही. मोहिनी झालेली ती मुलगी एका चित्रपटापुरती चमकून विरली नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीतले नट रघुनाथराव गोखले यांच्याशी तिचं लग्न झालं. तिच्या ऐन पंचविशीच्या सुमारास रघुनाथराव गेले. ज्या काळात विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावं अशी अपेक्षा होती, त्या काळात कमलाबाई तोंडाला रंग लावून रोज रात्री रंगमंचावर गेल्या, कारण सकाळी मुलांच्या ताटात भाकरी पडायला हवी होती. बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रीभूमिका गाजवत होते, तेव्हा या बाईने पुरुषभूमिका केल्या, तलवार कमरेला लावून केल्या. मूकपटात काम केलं, बोलपट आले तेव्हा बोलपटांत केलं. १९८० साली अरुणाराजे आणि विकास देसाई यांचा 'गहराई' आला, त्यातही त्या दिसतात. १९१३ ते १९८०! भारतीय सिनेमाची पहिली सात दशकं एका बाईच्या अंगावरून गेली.

त्यांनी वाढवलेली मुलं म्हणजे नट चंद्रकांत गोखले, आणि तबलावादक लालजी व सूर्यकांत गोखले. चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले. 'अनुमती'साठी विक्रमजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचं घराणं सांगितलं. त्या घराण्याचं मूळ मात्र एका टाकलेल्या बाईच्या निर्धारात आहे, हे किती जणांनी ठळक केलं?

मला माहीत आहे, काही अभ्यासक इथे बसले आहेत आणि त्यांच्या मनात उत्तर तयार आहे: चित्रपटसृष्टीला प्रतिष्ठा आणली ती दुर्गा खोट्यांनी, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून. दुर्गा खोटे मोठ्या अभिनेत्री होत्या, मी त्यांची तारामती पाहिली आहे आणि नतमस्तक झाले आहे. पण हे विधान नीट तपासा. सुशिक्षित, श्रीमंत घरातली स्त्री पडद्यावर आली की त्याला आपण क्रांती म्हणतो. तिच्या जवळजवळ दोन दशकं आधी पोटासाठी आलेल्या मायलेकींना तळटीप मिळते. ज्यांनी बहिष्कार सोसला त्यांचं नाव लहान अक्षरात, आणि ज्यांच्यासाठी वाट थोडी मऊ झाली होती त्यांचं मोठ्या अक्षरात. हा इतिहास घरंदाजपणा मोजून लिहिलेला आहे, आणि मी तो मान्य करत नाही.

दुसरा आक्षेपही येईल. ही साहित्याची सभा, इथे नटनट्यांचं काय काम? असं म्हणणाऱ्यांनी आपलं गाव ओळखलेलं नाही. १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आचार्य अत्रे होते. पुढे 'श्यामची आई' काढून राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारे अत्रे. आपले तात्यासाहेब शिरवाडकर तरुणपणी इथल्याच सिनेकंपनीत होते. 'सती सुलोचना'ची पटकथा त्यांनी लिहिली आणि लक्ष्मणाची भूमिकाही केली. आणि साहित्यच म्हणाल, तर हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' बाजूला काढून मराठी आत्मचरित्राबद्दल बोलून दाखवा. शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात' वगळून दाखवा. आपल्या गद्यातली सर्वांत निर्भय पानं ज्या बायकांनी दिली, त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या होत्या. त्यांच्या पुस्तकांना आपण खळबळजनक म्हणून बाजूच्या फळीवर ठेवलं.

तिसरं म्हणणं सर्वांत पटण्याजोगं वाटतं, म्हणून ते सर्वांत घातक आहे. 'मोहिनी भस्मासुर' आज उपलब्ध नाही, मग दाखवणार काय? चित्रफीत नष्ट झाली म्हणून माणसं नष्ट होत नाहीत. कमलाबाई नव्वदीपलीकडे जगल्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर १९९१ मध्ये 'कमलाबाई' हा माहितीपट केला; त्यात त्या स्वतः बोलतात, चिडतात, जुन्या भूमिका आठवून करून दाखवतात. पुरावा मागणाऱ्यांनी तो पाहावा. आणि फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी आजही पडद्यावर हलताना दिसते. शिल्लक राहिलेल्या त्या फितीतून कळतं की नाशिकच्या त्या कारखान्यात लहान मुली काय ताकदीचं काम करत होत्या. सरस्वतीबाई फाळक्यांचे हात तर प्रत्येक फिल्मला लागले होते. दागिने त्यांनी मोडले, फिती त्यांनी धुतल्या, कामगारांच्या पंगती त्यांनी वाढल्या.

फाळक्यांना देवघरात बसवून आपण त्यांच्या भोवतीची सगळी माणसं अंधारात ढकलली. त्यांचा मोठेपणा असा एकट्याने उभा राहत नाही. बाईची भूमिका बाईनेच करावी म्हणून आधी जाहिराती देऊन पाहिलेल्या आणि पुढच्याच चित्रपटात ते करून दाखवलेल्या माणसाला हा एकांत आवडलाही नसता, असं माझं मत आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी ठराव मांडते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले यांच्या जीवनाचं कायमचं दालन व्हावं. 'कमलाबाई' माहितीपटाचा खेळ शहरातल्या प्रत्येक महाविद्यालयात व्हावा. आणि पुढच्या वर्षी या संमेलनाच्या मुख्य मांडवाला मोहिनी झालेल्या त्या मुलीचं नाव द्यावं, कमला कामत, जे नाव घेऊन ती नाशिकला आली होती.

ठरावाला अनुमोदन हवं आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उद्या वर्तमानपत्रात पत्र लिहू नये. आत्ता, या मांडवात उभं राहून बोलावं. ध्वनिक्षेपक मी त्यांच्याकडे पाठवते आहे.