समुद्रावरची शिदोरी

वैशाख लागतो, शाळांना सुट्ट्या पडतात, आणि घाटमाथ्यावरच्या माणसाला कोकणची ओढ लागते. पुण्या-सोलापूरचीच नव्हे, तर नागपूर, इंदूर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबेही अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, मालवण अशा ठिकाणी उतरू लागतात. सामानात फराळाचे डबे असतात, मुलांसाठी चेंडू असतो, आंबे नेण्यासाठी रिकाम्या पिशव्यासुद्धा असतात. समुद्रासाठी म्हणून वेगळे असे काही मात्र बहुधा नसते. दर उन्हाळ्यात किनाऱ्यावर बुडून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत विहिरीत वा नदीत उत्तम पोहणारेही असतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

समुद्राच्या प्रवासाची पहिली शिदोरी विकत मिळत नाही. ती म्हणजे भरती-ओहोटीचे ज्ञान. समुद्राचे पाणी साधारणपणे दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरूनच मुंबई व तिच्या आसपासच्या किनाऱ्यासाठी एक सोपा आडाखा रूढ झाला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला. त्यापूर्वी आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. पाणी खूप चढते आणि खूप ओसरतेही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याची चढउतार थोडी. हा आडाखा अंदाजापुरता आहे. नेमकी वेळ छापील कोष्टकात पाहावी, किंवा स्थानिक कोळ्याला विचारावी.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्याला या गणिताचे मोल चांगले कळते. ओहोटीला तेथे पायी जाता येते. किल्ल्यात रमलेल्या मंडळींना मात्र मागची वाट पाण्याखाली जात असल्याचे भान राहत नाही. पाणी गुडघ्यापर्यंत आले आहे, एवढ्यात निघू, असे म्हणेपर्यंत ते कमरेला लागते. अशा वेळी पाण्यात न शिरता किल्ल्यातच थांबून पुढच्या ओहोटीची किंवा होडीची वाट पाहणे, यातच शहाणपण असते.

दुसरा धोका उघड्या पुळणीवरचा. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी पुन्हा समुद्रात परतण्यासाठी वाट शोधते. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसतो. नवख्याला तीच जागा पोहण्यास सोयीची वाटते. फसगत होते ती येथेच. या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारीत राहतो आणि थकून बुडतो. ही ओढ माणसाला खाली खेचीत नाही, फक्त आत नेते. म्हणून तिच्याशी झुंजू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात उंचावून मदत मागावी, आणि शक्ती असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे. तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मध्ये, जीवरक्षकाच्या नजरेखाली पोहणे हे सर्वांत बरे. एकटे तांबडे निशाण दिसले, तर पाण्यात उतरूच नये.

आता प्रत्यक्ष साहित्याकडे वळता येईल. हवा भरलेली रबरी चाके मुलांना फार आवडतात. पण ती खेळणी आहेत, संरक्षक साधने नव्हेत. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, आणि हलके चाक तो मुलासकट आत नेतो. तरंगते जाकीट अंगाच्या मापाचेच हवे. ते घातल्यावर खांद्याशी धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर मोठे आहे, असे समजावे. होडीत बसताना ते मांडीवर ठेवण्यात काही अर्थ नाही. पट्टे बांधूनच बसावे.

कपडे अंगाबरोबर राहणारे असावेत. नेसत्या साडीनिशी लाटांत उतरण्याची चाल अजून पुष्कळ आहे. भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि जड होते. खडकावर कालवांच्या शिंपा सुरीसारख्या कापतात, म्हणून पायांत घट्ट बसणारी पादत्राणे असावीत. वाळू आणि पाणी यांवरून ऊन परावर्तित होते, त्यामुळे केवळ छत्री पुरत नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि प्यायचे भरपूर पाणी यांची जोड हवी.

मालवणला समुद्राखालची सृष्टी पाहण्याची सोय आहे. पाण्यात उघड्या डोळ्यांना सारे अंधुक दिसते. मुखवट्याच्या काचेमागे हवा राहिली की दृष्टी स्वच्छ होते, मात्र वस्तू जवळ व मोठ्या भासतात. श्वासाची नळी हातभराहून लांब नसते, कारण अधिक खोलीवर पाण्याचा दाब छातीला फुगू देत नाही. हवेची टाकी घेऊन उतरणाऱ्याने एक नियम प्राणांइतका जपावा : वर येताना श्वास कधीही कोंडू नये. दाब कमी होताच कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड नसून सजीवांची वसाहत आहे.

एखादा बुडताना दिसला, तर भावनेच्या भरात उडी घालू नये. त्यात पुष्कळदा दोघेही जातात. दोर, बांबू, झाकण लावलेला रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे, आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. म्हणून वीस-पंचवीस हात दोर प्रत्येक सहलीच्या सामानात असलाच पाहिजे.

मे महिना सरत आला की समुद्राचा रंग पालटतो. केरळच्या किनाऱ्यावर या दिवसांत, वारा नसतानाही दूरच्या दक्षिण महासागरातून आलेल्या लाटा अचानक गावात शिरतात. त्यांना तेथे ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था उंच लाटांच्या सूचना देते. त्या पाहूनच बेत ठरवावा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी पुन्हा समुद्रात जातो. समुद्रावर ज्याचे पोट आहे, तोही वर्षातले काही दिवस किनाऱ्यावर थांबतो. दोन दिवसांच्या पाहुण्याने त्याचा सल्ला मानला, तर सुट्टीवर गेलेली सारी मंडळी सुखरूप घरी परततील.