तळाशी नाव कुणाचं?

(गोंदिया जिल्ह्यातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला मातीची भांडी जमवण्याचा नाद आहे. पगारातून थोडे पैसे बाजूला टाकते आणि कलावंतांनी स्टुडिओत हाताने घडवलेला एखादा कप, एखादा वाडगा घेते. कपाटात कुलपात ठेवत नाही, रोज वापरते. हा कप बघा. उलटा करा. तळाशी घडवणाऱ्या बाईची सही आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातली एक कुंभार मावशी घरी आली. कपावर टिचकी मारून तिने आवाज ऐकला. "छान भाजला आहे," म्हणाली. मग उलटा केला. "हे काय लिहिलं आहे, बाई?" मी म्हटलं, "जिनं घडवला तिचं नाव." किंमतही सांगितली. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी माती तुडवते. माझं नाव कशावर आहे?"

मला उत्तर देता आलं नाही.

माती आणायची, चाळायची, कालवायची, तुडवायची, मडकी वाळवायची, भट्टी रचायला हात लावायचा, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं. हे सगळं ती करते. फक्त चाकाला तिनं शिवायचं नाही, अशी रीत अनेक ठिकाणी आहे. म्हणून कुंभार तो, आणि ती कुंभाराची बायको!

ही रीत निसर्गाने घातलेली नाही. मणिपूरच्या आंद्रो गावात चाकाशिवाय मडकी घडवतात, आणि ती बायकाच घडवतात. आपल्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, पुढे परदेशात जाऊन हे काम शिकल्या आणि १९८४ साली त्यांनी 'हँडबुक फॉर पॉटर्स' हे पुस्तक लिहिलं. शिकण्याची वाट मिळाली, तर चाक बाईच्या हाताखालीही फिरतं.

आता कामाचं बोलते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. पण लाभ एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. तो एक कोण, हे घरात कुणी विचारतं का? चाकावर बसतो त्याचं नाव आपोआप जातं. प्रशिक्षण त्याचं, अवजारं त्याची, कर्जही त्याच्याच नावावर.

तेव्हा आपल्या गटांनी दोन गोष्टी कराव्यात. कुंभारवाड्यात जाऊन कोण कोणतं काम करतं, हे लिहून काढावं. आणि अर्ज भरण्याआधी घरात हा प्रश्न मोठ्याने विचारावा.

मावशीकडून मी एक माठ घेतला. तो ओला असतानाच तिच्याकडून बुडाशी नाव कोरून घेतलं. गटात सही शिकली होती, तीच. माझ्या संग्रहातलं सगळ्यात स्वस्त भांडं ते. पाहुण्यांना मी आधी तेच दाखवते.